हातउसनी आशा

नैराश्याची लक्षणं आता बऱ्याच जणांना तोंडपाठ झाली आहेत. झोप उडते किंवा अंथरुणातून उठवतच नाही, भूक मरते, कशातच मन रमत नाही, आज भाजी कुठली करायची एवढं ठरवणंही जड जातं, आपण सगळ्यांवर ओझं झालो आहोत असं वाटत राहतं. हे सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. या यादीतलं एक लक्षण मात्र बाकीच्यांहून वेगळं आहे आणि हे पुस्तक त्याच्यामुळेच निघालं. आपण यातून बरे होऊ शकतो, ही शक्यताच माणसाला दिसेनाशी होते. मलेरियाने फणफणलेला माणूसही गोळी घेतो, कारण ताप उतरतो हे त्याला माहीत असतं. नैराश्यात नेमकी ही खात्रीच आजारी पडते. म्हणून 'आशा सोडू नकोस' असं आपण कळकळीने सांगतो, तेव्हा समोरच्याकडे जे अजिबात शिल्लक नाही तेच त्याच्याकडे मागत असतो.

या संग्रहासाठी आलेले लेख वाचताना हे पुन्हा पुन्हा समोर आलं. लिहिणारे वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या वयांचे. कोणी बँकेत, कोणी शेतीत, कोणी नुकतीच आई झालेली. बरं कशामुळे वाटलं, याचं उत्तर प्रत्येकाचं निराळं. पण अगदी वाईट दिवसांत आशा आपल्यापाशी नव्हती, ती दुसऱ्या कोणापाशी तरी होती, हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं आहे. रोज संध्याकाळी न चुकता फोन करणारी नणंद, 'तुम्हाला आत्ता पटणार नाही, पण मी असे पेशंट बरे होताना पाहिलेत' म्हणणारे डॉक्टर, काही न विचारता डबा उघडून शेजारी बसणारा सहकारी. या माणसांकडून घेतलेल्या हातउसन्या आशेवर त्यांनी कित्येक महिने काढले. या विषयाचा इतिहासही मी त्याच बाजूने वाचते. आजारी माणसाची आशा काही काळ सांभाळायची कोणी, आणि सांभाळणारा त्याच्या दारापासून किती लांब राहतो?

आजार जुना आहे. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत विषादाची गणना आहे, आणि रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलेलं आहे. ग्रीक वैद्यांनी त्याचं खापर शरीरातल्या काळ्या पित्तावर फोडलं आणि ही कल्पना युरोपात दोन हजार वर्षं टिकली. १६२१ साली रॉबर्ट बर्टन या इंग्रज पंडिताने खिन्नतेवर एक प्रचंड ग्रंथ छापला. तो स्वतः त्या दुखण्याने गांजलेला होता. पित्त, ग्रहतारे, आहार असं सगळं धुंडाळून झाल्यावर शेवटी त्याचा भर पडतो तो माणसांच्या सोबतीवर आणि हाताला काम असण्यावर. त्याच्या वैद्यकातलं बहुतेक सगळं कालबाह्य झालं. हा भाग झाला नाही.

आपल्याकडे नैराश्याचा विषय निघाला की गीतेचा पहिला अध्याय हटकून निघतो. अर्जुनाची गात्रं शिथिल होतात, तोंड कोरडं पडतं, धनुष्य हातातून निसटतं, ही वर्णनं आजाराशी मिळतीजुळती आहेत हे खरं. पण अर्जुनापुढे एक नैतिक पेच होता आणि तो युक्तिवादाने सुटण्यासारखा होता. नैराश्याचा रुग्ण युक्तिवादाने उठून उभा राहत नाही. त्याला 'ऊठ आणि लढ' सांगितलं की त्याच्या अपराधीपणात भर पडते. आधी नुसतं आजारपण होतं, आता देवाने सांगितलेलंही जमत नाही. गीतेवर माझी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच तिचा असा वापर मला खुपतो.

एकोणिसाव्या शतकापासून मनाचे आजार रुग्णालयांत जाऊ लागले. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे मनोरुग्णालयं उभी राहिली. त्यांनी अनेकांना आसरा दिला, पण या गावांची नावं आपल्या बोलण्यात टोमणा म्हणून रुळली, आणि तो टोमणा ऐकत वाढलेली पिढी आजही मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखालून जाताना मान खाली घालते. जर्मनीत एमिल क्रेपलिनने मनोविकारांचं वर्गीकरण केलं, त्यावर आजच्या निदानपद्धतीचा पाया उभा आहे. १९१७ साली फ्रॉइडने शोक आणि खिन्नता यांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. जवळचं माणूस गेल्यावर होणारं दुःख आणि हा आजार दिसायला सारखे असले तरी आजारात माणूस स्वतःलाच दोष देत सुटतो, हे त्याचं निरीक्षण या पुस्तकातल्या किमान निम्म्या लेखांत जसंच्या तसं सापडेल.

औषधांचा शोध जवळजवळ योगायोगाने लागला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं औषध दिल्यावर खंगलेले रुग्ण उल्हसित दिसू लागले. पुढच्या काही वर्षांतच स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून या डॉक्टरांना इमिप्रामिनचा नैराश्यावर गुण दिसला. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली, आणि त्याबरोबर 'मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं' हे सोपं स्पष्टीकरण जगभर पसरलं. संशोधक आज ते इतक्या सोप्या रूपात मानत नाहीत. पण स्पष्टीकरण अपुरं ठरलं म्हणून औषध निकामी ठरत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत करून गोळ्या मध्येच सोडणारे लोक मी पाहिले आहेत. गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. उलट मळमळ, सुस्ती, झोपेतला बदल असे त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. आधीच आशा आटलेल्या माणसाला हे दोन-चार आठवडे कोणी धीर दिला नाही, तर पाकीट कपाटात पडून राहतं. बरं वाटू लागल्यावरही गोळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. शॉक ट्रीटमेंटबद्दल सिनेमांनी घालून ठेवलेली भीतीही इथेच दूर करायला हवी. जेव्हा माणूस खाणंपिणं सोडतो, स्वतःच्याच जिवावर उठतो, तेव्हा भूल देऊन केलेला हा उपचार अनेकदा जीव वाचवतो. भूल न देता तो करायला आता कायद्याने बंदी आहे.

औषधांचा हा एक प्रवाह, दुसरा विचारांचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि एरन बेक यांनी साठच्या दशकात दाखवलं, की नैराश्यात माणसाचा विचारच एका साच्यात अडकतो. एक चूक झाली की 'मी कायमच नालायक', एक फोन आला नाही की 'कोणालाच मी नको'. हा साचा ओळखता येतो आणि सरावाने सैल करता येतो. मराठी वाचकाला हा प्रवाह चांगला परिचयाचा आहे. डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठीत रुजवली, डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली, आणि १९९० पासून ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ती भाषा घराघरांत नेली. हे मोठं काम आहे. त्याची एक अडचण घरात दिसते. समुपदेशकाबरोबर बसून महिनोन्‌महिने करायचा सराव जेवणाच्या टेबलावर 'विचार बदल, सगळं ठीक होईल' एवढाच उरतो, आणि तो पुन्हा रुग्णावरचाच ठपका होतो.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे एका तिसऱ्या प्रवाहाकडे फार कमी लक्ष गेलं. १९७८ साली जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य कोणाला येतं, हे पाहताना त्यांनी मेंदू किंवा बालपण एवढंच न पाहता घरभाडं, नवऱ्याशी संबंध, पदरातली लहान मुलं, हातचं काम यांच्याकडे पाहिलं. मोठा आघात झाल्यावर ज्या बाईला मनातलं बोलायला एक जवळचं माणूस होतं, ती त्या आघाताखाली मोडण्याची शक्यता बरीच कमी होती. एक माणूस. अर्ध्या शतकापूर्वीचं हे निरीक्षण आपल्या वाड्यावस्त्यांत, चाळींत आणि आता बंद दारांच्या सोसायट्यांत किती लागू पडतं, हे हा संग्रह वाचताना कळेल.

हेच सूत्र पुढे गोव्यात एका वेगळ्याच उंचीवर गेलं. १९९६ साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था सुरू केली. दवाखान्यात येणाऱ्या बायका 'मला नैराश्य आहे' म्हणत नव्हत्या. त्या म्हणत, अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, थकवा जात नाही. तपासण्यांत जंतुसंसर्ग निघेच असं नाही. मागे असायची मनाची ओढाताण, पैशांची विवंचना, नवऱ्याची मारहाण. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात बाळंतिणींचा अभ्यास झाला, त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं, आणि घरात हिंसा असणं किंवा मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध दिसला. बाळंतिणीच्या खोलीत डिंकाचे लाडू पोहोचतात, शेकशेगडी पोहोचते. 'तुला कसं वाटतंय?' हा प्रश्न तिथे क्वचितच पोहोचतो.

मग प्रश्न आला, इतक्या लोकांना विचारणार कोण? एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही आपल्या देशात नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. गोव्याने दिलेलं उत्तर असं, की त्याच भागातल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार करायचं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमधले मध्यम ते तीव्र नैराश्याचे ४९३ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर अशा समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलेलं होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के लोकांचं.

या भेटींत काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात काहीच गूढ नाही. अर्ध्या-पाऊण तासाची बैठक, केंद्रातल्या एखाद्या कोपऱ्यात किंवा रुग्णाच्या घरी. सुरुवातीला फक्त ऐकणं. मग दिवसाची मांडणी: सकाळपासून काय केलं, ते करताना मन कसं होतं. मग उद्यासाठी एक काम, जमण्याइतकं छोटं. इच्छा झाली की काम करू, ही आपली नेहमीची रीत इथे उलटी करायची असते. आधी काम, इच्छा मागून येईल तेव्हा येईल. या संग्रहातल्या एका लेखिकेने आपला पहिल्या आठवड्याचा तक्ता जपून ठेवला आहे. त्यात सोमवारी एकच ओळ आहे: 'दात घासले, साडेअकरा.' पुढच्या रकान्यात मनाची अवस्था दहापैकी दोन. गुरुवारी लिहिलंय, 'कोथिंबीर निवडली, अर्धी', आणि पुढे तीन. दोनाचे तीन व्हायला चार दिवस लागले, आणि ते तीन तिच्याआधी तिच्या समुपदेशक ताईंना दिसले. त्यांनी त्या आकड्याभोवती पेनने गोल केला. लेखिका लिहिते, की त्या दिवशी तिला त्यात आनंद होण्यासारखं काही वाटलं नव्हतं, पण ताईंना आनंद झाला हे तिच्या लक्षात राहिलं.

विदर्भात हीच दिशा 'विश्राम' प्रकल्पाने धरली. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी शेतकरी कुटुंबांशी बोलायला सुरुवात केली. तिथे कोणी 'नैराश्य' म्हणत नाही, 'टेन्शन' म्हणतात, आणि कार्यकर्त्यांना ते पुरेसं होतं. नैराश्य असलेल्या लोकांपैकी आधी ४.३ टक्केच कोणाकडे तरी मदतीला जात होते. प्रकल्पानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. कर्ज, नापिकी, भाव हे प्रश्न तसेच होते, आणि समुपदेशन हे त्यांच्यावरचं उत्तर आहे असं कोणी म्हणू नये. शेतमालाला भाव मिळणं हाही मनाच्या आरोग्याचाच भाग आहे. पण कर्जाच्या रात्री एकट्याने काढाव्या लागू नयेत, एवढं तरी गाव करू शकतं हे इथे दिसलं.

'बरं होणं' म्हणजे नक्की काय, यावरही गेल्या शंभर वर्षांत मतं बदलत गेली, आणि हा बदल रुग्णांनी स्वतः घडवला. १९०८ साली क्लिफर्ड बीअर्स या अमेरिकन गृहस्थांनी मनोरुग्णालयातला आपला अनुभव पुस्तकरूपाने मांडला. १९९० मध्ये विल्यम स्टायरन या कादंबरीकाराने आपल्या नैराश्यावर लिहिलं. जेरी पिंटो यांची माहीमच्या एका घरातली कादंबरी शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट तर थेट या विषयावरचा. २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. कोकणच्या किनाऱ्यावर एका खचलेल्या तरुणाला अनोळखी माणसं आसरा देतात आणि त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करत नाहीत. अशा कामांतून एक समज वाढली, की लक्षणं पूर्ण गेल्याशिवाय आयुष्य सुरू होत नाही असं नाही. गोळ्या चालू असताना नोकरी करता येते, लग्न करता येतं, मूल वाढवता येतं. पहिल्याच औषधाने पूर्ण आराम पडणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश होतं. बाकीच्यांना दुसरं औषध, समुपदेशन, किंवा दोन्ही लागलं. एकदा बरं झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढे कधीतरी पुन्हा झटका येतो. हे आकडे घाबरवणारे वाटतील, पण न सांगितल्याने जास्त नुकसान होतं. दुसऱ्यांदा आजार आला की माणसाला वाटतं, आपणच हरलो. तो येऊ शकतो हे आधी ठाऊक असेल तर पहिल्या चार दिवसांतच, झोप बिघडू लागताच, फोन करता येतो.

हे पुस्तक आत्ताच का, यालाही कारण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचं दिसलं, आणि ते असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून लांब होते. त्यानंतर करोना येऊन गेला. बोलणं वाढलं. दीपिका पडुकोणसारखी अभिनेत्री २०१५ मध्ये आपल्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलली त्याचा उपयोग खेड्यातल्या मुलींनाही झाला. कायदाही बदलला. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला, विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांचा विमा द्यायला सांगितलं, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. माहिती आता मोबाइलवर ढिगाने आहे. कमी पडतंय ते समोर बसणारं माणूस, आणि ते कसं बसावं याची समज.

ती समज देण्याचा प्रयत्न या पुस्तकात आहे. आजार भोगलेल्यांचे लेख यात आहेत, तसेच घरच्यांचेही. सांभाळणाऱ्यांच्या थकव्याबद्दल आपण फार कमी बोलतो. वर्षभर बायकोच्या गोळ्या मोजणाऱ्या नवऱ्याला 'तू कसा आहेस?' असं कोणी विचारलं नव्हतं. त्याचा लेख वाचताना माझा गळा दाटला. 'आशा' आरोग्य कार्यकर्तींचे, डॉक्टरांचे लेखही आहेत. प्रत्येकाला आम्ही एकच विनंती केली होती: उपदेश नको, त्या दिवसांत कोणी काय केलं ते लिहा, उपयोगी पडलेलं आणि न पडलेलंही. त्यामुळे 'बाहेर फिरून ये', 'सगळं तर आहे तुझ्याकडे', 'देवाचं कर' ही वाक्यं ऐकताना कसं वाटतं तेही इथे वाचायला मिळेल. ती वाक्यं बहुतेक वेळा प्रेमानेच बोललेली होती.

काही गोष्टी जाणूनबुजून गाळल्या. औषधांची नावं आणि मात्रा लेखांत नाहीत, कोणी वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत म्हणून. आत्महत्येच्या प्रयत्नांची तपशीलवार वर्णनं नाहीत, कारण अशी वर्णनं अस्वस्थ वाचकाला धोक्याची असतात. आत्महत्येच्या विचारांबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिलं आहे. 'तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?' असं थेट विचारलं तर ते विचार डोक्यात भरवले जात नाहीत. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट बोलता आली म्हणून हलकं वाटल्याचं तिघाचौघांनी लिहिलं आहे. विचारलंत आणि उत्तर 'हो' आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेखकांची नावं, गावं बदललेली आहेत. सगळेच लेख बरं झाल्यावर लिहिलेले नाहीत. दोन लेख आजार चालू असतानाचे आहेत, तुटक आहेत, आणि आम्ही ते जोडून घेतले नाहीत.

लेख कुठल्याही क्रमाने वाचता येतील. नैराश्यात लक्ष टिकत नाही, चार ओळी वाचून पुस्तक मिटावंसं वाटतं, म्हणून सगळ्यात छोटे लेख सुरुवातीला घेतले आहेत आणि अक्षर मुद्दाम मोठं ठेवलं आहे. घरात कोणी आजारी असेल तर त्याच्या हातात हे पुस्तक देण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. निदान घरच्यांचा विभाग तरी. त्याला ते आज वाचायचं नसेल तर आग्रह करू नका, आणि उद्या पुन्हा विचारा.